चाळिशीचा चष्मा आणि दीड लाखांचं ऑपरेशन

इंदूरच्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४८. सुदामा नगरात घरीच ब्लाउज शिवतात, त्यावर आरीचं, म्हणजे आकडीसारख्या टोकाच्या सुईने करायचं, भरतकाम करतात. लांबचं त्यांना आजही लख्ख दिसतं. जवळचा नंबर मात्र तीन वर्षांपूर्वी लागला, आता +१.७५ आहे. चष्मा लावूनही टाका दिसण्यासाठी अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या चौकटीवर, वाकावं लागतं, संध्याकाळी डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. चष्मा घातला की समोरचं गिऱ्हाईक अंधुक, काढला की हातातलं काम अंधुक. भाच्याचं लेसिक (लेसरने नंबर घालवायचं ऑपरेशन) झालं, त्याचा चष्मा कायमचा गेला. म्हणून त्यांनी एका रुग्णालयात चौकशी केली. तिथे डोळ्यातलं नैसर्गिक भिंग काढून मल्टिफोकल भिंग बसवायचा सल्ला मिळाला. दोन्ही डोळ्यांचे दीड लाख, महिनाअखेरपर्यंत ठरवलं तर सूट. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, त्याआधी चष्म्यातून सुटायचं आहे. यजमान म्हणतात, या वयात नसते उद्योग कशाला. शेवटी त्या विचारतात, "माझ्या आईने सत्तरीतही बिनचष्म्याने सुईत दोरा ओवला. मग माझ्याच डोळ्यांना असं काय झालं? ऑपरेशन करू की नको?"

ताई, नमस्कार.

ऑपरेशनचं थोडं पुढे बोलू. तुम्ही ओघात लिहिलेलं एक वाक्य आधी घेते, कारण तुमचा अर्धा त्रास मला तिथेच दिसतो: चष्मा लावूनही टाक्यासाठी वाकावं लागतं. मी आयुष्यभर लोकांचे नंबर काढले, आणि शिवणकाम, विणकाम, सोनारकाम करणाऱ्यांकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकली. आज कामाला बसाल तेव्हा मुलीच्या हातात टेप द्या आणि डोळ्यापासून आरीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून घ्या. मोजण्यासाठी मुद्दाम जास्त वाकू नका, नेहमीसारखं बसून मोजा. माझ्या अंदाजाने ते २८ ते ३० सेंटिमीटर भरेल.

तुमचा चष्मा या अंतरासाठी काढलेलाच नाही. जवळचा नंबर काढताना वाचायचा तक्ता हातात देतात, तो माणूस साधारण ४० सेंटिमीटरवर धरतो, अक्षरं दिसली की काम संपलं. तुम्ही काय काम करता, हे बहुधा कोणी विचारलंच नाही. आता हिशेब बघा. ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसायला अडीच डायऑप्टरची (चष्म्याचा नंबर याच मापात मोजतात) ताकद लागते, २८ वर साडेतीनच्याही वर. त्यातले पावणेदोन चष्मा देतो. उरलेले पावणेदोन-दोन तुमच्या डोळ्यांनी स्वतः काढायचे. या वयात डोळ्यात एकूण शिल्लक फार तर दोन-तीनची असते, आणि तिच्यातली निम्मी वापरली तरच काम सुखाने होतं. तुम्ही जवळजवळ सगळी शिल्लक सकाळपासून रात्रीपर्यंत खर्च करता. डोकं जड होणारच.

म्हणून पहिलं काम: नेत्रतपासनीसाकडे जाताना ताणलेल्या कापडाचा एक तुकडा आणि आरी सोबत न्या. खुर्चीत बसून ते कापड रोजच्या अंतरावर धरा आणि त्या अंतराचा नंबर काढून मागा. तो +२.५० च्या आसपास निघाला तर घाबरू नका, डोळे बिघडलेले नाहीत. तो फक्त अड्ड्याचा चष्मा. मोबाइलला, वर्तमानपत्राला आत्ताचाच वापरायचा.

गिऱ्हाईक अंधुक दिसतं, त्यालाही सोपा उपाय आहे. तुमचा लांबचा नंबर शून्य आहे, म्हणजे तुम्हाला वरच्या बाजूला काचेची गरजच नाही. अर्धचंद्री फ्रेम घ्या, खाली बघितलं की काम, काचेवरून बघितलं की माणूस. ती फ्रेम आवडत नसेल तर वर साधी काच आणि खाली नंबर असलेला बायफोकल. प्रोग्रेसिव्हचं, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या चष्म्याचं, नाव दुकानदार हमखास काढेल. तो चांगला असतो, पण त्यातला जवळचा पट्टा अरुंद असतो आणि तुमचा हात तर अड्ड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. प्रत्येक वेळी मान वळवावी लागेल. घरात, बाजारात वापरायला घेतलात तर वेगळी गोष्ट.

आणि दिवा. रात्री वर छताला लावलेल्या ट्यूबलाइटखाली आरीचं काम करत असाल तर तुमच्याच डोक्याची सावली कापडावर पडते. मान वळणारा टेबललॅम्प घ्या, उजव्या हाताने काम करत असाल तर डावीकडून प्रकाश येऊ द्या. भरपूर उजेडात बाहुली लहान होते आणि लहान बाहुलीतून जवळचं जास्त स्वच्छ दिसतं. दुपारी गॅलरीत जो टाका सहज दिसतो तो रात्री दिसत नाही, त्याचं कारण हेच.

आता तुमच्या डोळ्यांना "असं काय झालं" ते. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. लहानपणी ते मऊ असतं, जवळचं बघताना फुगतं, लांबचं बघताना सपाट होतं. वयाबरोबर ते कडक होत जातं. साधारण चाळिशीपासून पंचेचाळिशीपर्यंत हा कडकपणा पुस्तक धरताना जाणवू लागतो आणि साठीपर्यंत वाढत राहतो, मग स्थिरावतो. जगात कोणीही यातून सुटत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. चष्मा लावा किंवा लावू नका, या वीस वर्षांत नंबर आपल्या गतीने वाढतोच. चष्मा न लावणाऱ्याच्या वाट्याला तेवढी डोकेदुखी जास्त येते.

मग तुमच्या आईचं काय? त्यांचे डोळे मी पाहिलेले नाहीत, पण सत्तरीत बिनचष्म्याने सुई ओवणाऱ्या माणसांची साधारण दोन कारणं असतात. एक, त्यांच्या एका डोळ्याला थोडा मायनस नंबर असतो आणि तो कधी कोणी तपासलेला नसतो. तो डोळा जवळचं बघतो, दुसरा लांबचं, आणि त्यांना स्वतःलाही हे माहीत नसतं. दुसरं, मोतीबिंदू पिकत असताना काहींचं भिंग दाट होतं, डोळ्याला मायनस नंबर येतो आणि काही काळ जवळचं पुन्हा दिसू लागतं. घरातले म्हणतात, आजीची नजर परत आली. खरं तर तो मोतीबिंदूचा निरोप असतो. त्यामुळे आईशी तुलना करून स्वतःला कमी लेखू नका.

भाच्याचीही तुलना इथे लागू पडत नाही. त्याला मायनस नंबर होता. त्याच्या बुबुळाचा बाहेरचा आकार लेसरने बदलला आणि लांबचं दिसू लागलं. त्याचं आतलं भिंग अजून तरुण आहे, म्हणून जवळचंही दिसतं. चाळिशी ओलांडली की त्यालाही जवळचा चष्मा लागणार आहे, हे त्याला कोणी सांगितलंय का, विचारा. तुमचं बुबुळ व्यवस्थित आहे, त्रास आतल्या भिंगाचा आहे. भिंगाला पुन्हा मऊ करणारं ऑपरेशन आज कोणाकडेच नाही. जे काही उपलब्ध आहे त्यात लांबच्या नजरेतला, नाहीतर रात्रीच्या नजरेतला थोडा वाटा देऊन जवळची नजर घ्यावी लागते. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे: तुम्ही काय द्यायला तयार आहात, हे तुम्हाला विचारलं गेलेलं नाही. फक्त काय मिळेल ते सांगितलं गेलं.

तुम्हाला सुचवलेलं ऑपरेशन हे तंत्राने मोतीबिंदूचंच, फक्त मोतीबिंदू नसताना केलेलं. कृत्रिम भिंग डोळ्यात बसवण्याची सुरुवात लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली आणि आज ती जगातल्या सगळ्यात भरवशाच्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे, याबद्दल मनात शंका ठेवू नका. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल भिंग येणारा प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देतं, त्यामुळे लांबचं आणि वाचायचं दोन्ही दिसतं. मोतीबिंदू झालेली, मुख्यतः वाचन आणि मोबाइल करणारी, रात्री गाडी न चालवणारी माणसं या भिंगावर खूश असलेली मी बघितली आहेत.

तुमची गोष्ट वेगळी पडते ती दोन ठिकाणी. या भिंगांचं जवळचं अंतर साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरला असतं. तुमची आरी २८ वर चालते. म्हणजे दीड लाख खर्चून मेनूकार्ड आणि मोबाइल बिनचष्म्याने वाचता येईल, पण अड्ड्यावर बसलात की बहुधा पुन्हा चष्मा लागेल, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. दुसरं, तुम्ही लिहिता की सीतलामाता बाजारातून मणी-लेस घेऊन स्कूटीवर परत येईपर्यंत रात्र होते. वाटलेल्या प्रकाशामुळे समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, प्रकाश फाकतो, अंधारातल्या खड्ड्याचा काठ थोडा पुसट होतो. बऱ्याच जणांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. आज तुमची लांबची नजर निर्दोष आहे. ज्यांना आधी लांबचंही अंधुक दिसत होतं ते या ऑपरेशननंतर सुखावतात, कारण त्यांच्याकडे गमवायला फारसं नसतं. तुमच्याकडे आहे. शिवाय निरोगी भिंग एकदा काढलं की काढलं. त्यातली उरलीसुरली लवचिकताही जाते, आणि बसवलेलं भिंग नकोसं झालं तर ते बदलणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. जंतुसंसर्ग किंवा डोळ्याच्या आतला पडदा सरकणं विरळा, पण शून्य नाही.

लेसरचाही मार्ग आहे. एक डोळा लांबच्यासाठी ठेवायचा, दुसऱ्याला मुद्दाम दीडएक मायनस नंबर द्यायचा. मेंदू दोन्हींतलं हवं ते उचलतो. पण दीडच्या नंबरने स्वतःच्या बळावर डोळा ६६ सेंटिमीटरवरचं बघतो, त्याहून जवळचं डोळ्याच्या शिल्लक ताकदीवर. ती शिल्लक दरवर्षी घटते आहे. आज मोबाइल-वर्तमानपत्रापुरतं चालेल, पंचावन्नाव्या वर्षी तेही चालणार नाही. आणि लेसरने बुबुळाच्या नसा कापल्या जातात, डोळे काही महिने कोरडे पडतात. तुमचे डोळे आधीच चुरचुरताहेत. रजोनिवृत्तीच्या वयात बायकांमध्ये डोळ्यांचा कोरडेपणा खूप आढळतो आणि तो "नंबर वाढला" म्हणून खपून जातो. त्याची तपासणी आधी, मग बाकी सगळं.

थेंबांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण इतरांनी विचारलं आहे म्हणून थोडक्यात. पायलोकार्पिन हे काचबिंदूचं जुनं औषध बाहुली लहान करतं, त्यामुळे काही तास जवळचं दिसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये त्याला चाळिशीसाठी परवानगी मिळाली. आपल्याकडे २०२४ मध्ये अशाच थेंबांच्या बातमीने मोठी खळबळ उडाली, चष्मा कायमचा जाणार अशा थाटात जाहिरात झाली आणि औषध नियंत्रकांनी काही दिवसांतच ती परवानगी स्थगित केली. डोकं दुखणं आणि अंधारात कमी दिसणं हे या औषधाचे नेहमीचे त्रास. तुम्ही संध्याकाळनंतर काम करता, तुमच्या उपयोगाचं नाही.

नवीन तंत्र म्हणजे चांगलं तंत्र, असं डोळ्यांच्या बाबतीत तरी मानू नये. बुबुळात बसवायचं 'रेनड्रॉप' नावाचं एक इम्प्लांट अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, खास चाळिशीसाठी. बुबुळ धूसर होण्याच्या तक्रारी आल्या आणि २०१८ मध्ये ते परत मागवलं गेलं.

डिसेंबरच्या लग्नाचं म्हणाल, तर लग्नासाठी म्हणून आत्ता ऑपरेशन करूच नका. दोन डोळे वेगवेगळ्या दिवशी, मग थेंब, मग नव्या भिंगाची सवय व्हायला तीन-चार महिने, कधी सहा. तुळशीचं लग्न लागलं की तुमच्याकडे ब्लाउजांची रीघ लागणार आणि त्याच वेळी घरचं कार्य. तेव्हा टाका नीट दिसला नाही तर काय कराल? फोटोची काळजीही सोडा. तुम्हाला लांबचं दिसतं, फोटोला, वरातीला, पंगतीत वाढताना चष्म्याची गरजच नाही. मंगलाष्टका स्वतः म्हणणार असाल तर मोठ्या ठशात छापून घ्या, कागद हाताच्या अंतरावर धरून वाचता येतील. आणि चष्म्यासह फोटो निघाले तरी काचेला अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असलं की फ्लॅशचा पांढरा डाग पडत नाही.

चष्म्याशिवाय छान दिसावं असं वाटणं यात वावगं काही नाही, हे मात्र यजमानांना माझ्या वतीने सांगा. "या वयात कशाला" हे काही उत्तर झालं नाही. तुम्ही कमावता, डोळे तुमचे, त्यांवर तुमचं पोट आहे. खर्च करायला हरकत घेण्याचं माझं कारण एवढंच, की तुमच्या कामाच्या अंतरावर हे ऑपरेशन दिलेला शब्द पाळेल असं मला वाटत नाही. मेडिक्लेमचंही सांगून ठेवते: साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याच्या उपचाराचा खर्च आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन मिळतं, चष्मा घालवण्याचं मिळत नाही. कोणी "कागदावर मोतीबिंदू दाखवू" म्हणालं तर तिथून उठून या.

महिनाअखेरची सूट जाऊ द्या. डोळ्यातलं भिंग पुढच्या महिन्यातही तिथेच असणार आहे.

या महिन्यात एक पूर्ण तपासणी मात्र नक्की करून घ्या, तुमच्या इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा जिथे तुमचा विश्वास आहे तिथे. डोळ्याचा दाब, थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा, अश्रूंची तपासणी आणि रक्तातली साखर. चाळिशीनंतर काचबिंदू न दुखता, न सांगता येतो. मेडिकलवरून तयार चष्मा उचलणाऱ्यांचं हेच चुकतं. अक्षर दिसू लागतं आणि तपासणी राहून जाते. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं दिसत नाही, त्या दिवशी काम ठेवू नका, स्कूटीही नेऊ नका.

लग्न पार पडलं, नवीन चष्म्यावर हंगाम निघाला आणि तरीही मनात ऑपरेशन असेल, तर जानेवारीत आधी कॉन्टॅक्ट लेन्सची चाचणी घ्या. एका डोळ्यात, म्हणजे ज्या डोळ्यावर तुमचा मेंदू कमी विसंबतो त्यात, जवळच्या नंबरची लेन्स घालायची आणि आठ-पंधरा दिवस सगळी कामं करून बघायची: कापड बेतणं, आरी, जिना उतरणं, रात्रीची स्कूटी. चूल-फोडणी आणि कोरड्या डोळ्यांमुळे लेन्स टोचली तर लगेच काढा. हाच प्रयोग मल्टिफोकल लेन्स घालूनही करता येतो. तो ऑपरेशननंतरच्या नजरेशी तंतोतंत जुळत नाही, पण वाटून घेतलेली नजर आपल्याला मानवते का याचा अंदाज येतो, आणि लेन्स काढली की सगळं पूर्ववत. जमलं तर सर्जनकडे जा आणि तेच २८ सेंटिमीटर त्यांच्यासमोर ठेवा. या अंतरावर मला बिनचष्म्याने टाका दिसेल का, हे स्पष्ट विचारा. उत्तर "बहुतेक कामं होतील" असं आलं, तर तुमचं काम त्या बहुतेकांत बसतं की नाही ते पुन्हा विचारा.